बाहेर युद्ध, घरात रेडिओ: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात या पानावर जुन्या रेडिओबद्दल थोडंसं लिहिलं आणि म्हटलं होतं की युद्धाच्या काळात घरात रेडिओ कसा ऐकला जायचा याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. पत्रं बरीच आली, मेल त्याहून जास्त. सगळी छापता येत नाहीत, काही प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी मोकळेपणाने लांबवलंय.

प्रश्न (दादरहून एक ताई): माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याने मला ६ जून १९४४ चं अमेरिकन रेडिओचं दिवसभराचं रेकॉर्डिंग पाठवलं. नॉर्मंडीचा, म्हणजे दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस म्हणून उत्साहाने लावलं, भाजी निवडता निवडता पाच तास ऐकलं, पण त्यात अर्धा वेळ नाचाची गाणी आणि तीच तीच बातमी. महत्त्वाचं तेवढं कापून ठेवलं असतं तर चाललं नसतं का? आणि आपल्या मुंबईचा असा एखादा दिवस ऐकायला मिळेल का?

ताई, कृपा करून पुढचे तासही ऐका. महत्त्वाचं तेवढं कापून ठेवलेलं आपल्याकडे भरपूर आहे, शाळेच्या पुस्तकात तेच असतं. त्या दिवशी घरात बसलेल्या माणसाला "महत्त्वाचं" कुठलं हे माहीतच नव्हतं, आणि ते माहीत नसणं फक्त अख्ख्या रेकॉर्डिंगमध्येच ऐकू येतं.

बघा ना काय क्रम आहे. न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे १२ वाजून ३७ मिनिटं झाली आणि जर्मनांच्या वृत्तसंस्थेने सांगितलं की दोस्तांचा हल्ला सुरू झाला. आता ही बातमी शत्रूकडून आलेली, खरी की खोटी कोण सांगणार, कदाचित फ्रान्समधले लोक उघडपणे उठाव करतील आणि पकडले जातील म्हणून टाकलेला सापळासुद्धा असेल. शिवाय तीनच दिवस आधी, शनिवारी ३ जूनला, लंडनमध्ये एका वृत्तसंस्थेच्या टेलिप्रिंटरवर हात बसवायला म्हणून टाइप केलेली "फ्रान्समध्ये सैन्य उतरलं" अशी ओळ चुकून खरोखर बाहेर गेली होती आणि काही मिनिटांत मागे घ्यावी लागली होती. सगळ्यांचे हात पोळलेले. म्हणून तुम्हाला जी तीच तीच बातमी वाटतेय तिच्यात निवेदक दर वेळी काय म्हणतोय ते ऐका: हे फक्त जर्मन सांगताहेत, आपल्याकडून दुजोरा नाही, पुन्हा सांगतो, दुजोरा नाही. आणि मग परत बँड वाजतो. जवळजवळ तीन तास असंच चाललंय. ज्या आईचा मुलगा इंग्लंडमधल्या छावणीत होता तिने ते तीन तास कसे काढले असतील, तो नाचाचा बँड तिला कसा ऐकू आला असेल, हे मला कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात मिळालं नाही, ते त्या बँडमध्येच मिळालं.

मग ३ वाजून ३२ मिनिटांनी दोस्तांच्या फौजांचा प्रमुख आयझेनहॉवर, त्याच्या मुख्यालयातून अधिकृत निवेदन येतं. एकच वाक्य आहे, नौदल आणि विमानदलाच्या मदतीने सैन्य आज सकाळी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर उतरायला लागलंय. बस. लंडनला तेव्हा सकाळचे ९:३२, बीबीसीवर जॉन स्नॅग तेच सांगत होते. आणि मुंबईत? मुंबईत तेव्हाच्या स्टँडर्ड टाइमने दुपारचे २ वाजून २ मिनिटं. जेवणं आटोपून लोक कलंडलेले. मी हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा वाटलं की तो दिवस आता कुठे आपल्याही घरात आला.

सीबीएस या अमेरिकन रेडिओ कंपनीवर निवेदक रॉबर्ट ट्राउट रात्रभर बोलत राहिले, लंडनहून एडवर्ड मरो यांनी आयझेनहॉवरचा सैनिकांसाठीचा संदेश वाचला, जाहिराती बऱ्याच ठिकाणी बाजूला ठेवल्या गेल्या. रोज दुपारी बायका घरकाम करता करता ज्या मालिका ऐकायच्या (साबणवाल्या कंपन्या पैसे द्यायच्या म्हणून त्यांना सोप ऑपेरा म्हणायला लागले) त्यांच्यामध्ये मध्येच बातमी घुसत होती. रात्री १० वाजता प्रेसिडेंट रूझवेल्ट आले ते भाषण करायला नाही, प्रार्थना म्हणायला. आदल्या रात्रीच ते रोम पडल्याबद्दल रेडिओवर बोलले होते, आणि बोलत असताना त्यांना पक्कं माहीत होतं की जहाजं निघालीत, पण आवाजात एक सुरकुती नाही. दोन्ही भाषणं लागोपाठ ऐकली तर अंगावर काटा येतो.

आणि एक गोष्ट चुकवू नका, ती दिवसाच्या शेवटी आहे, म्हणूनच म्हटलं पाच तासांवर थांबू नका. जॉर्ज हिक्स नावाचा वार्ताहर नॉर्मंडीसमोर जहाजावर उभा राहून बोलतोय, वरून जर्मन विमानं येताहेत, तोफा सुरू होतात, त्याचा आवाज त्यात बुडतो, परत वर येतो, आजूबाजूची पोरं ओरडताहेत. हे लाइव्ह नव्हतं, फिल्मच्या पट्टीवर रेकॉर्ड करून आणलेलं होतं. त्या काळी एनबीसी आणि सीबीएसचा नियमच होता की रेकॉर्ड केलेलं शक्यतो लावायचं नाही, सगळं थेट. तो नियम त्या रात्री बाजूला ठेवला.

जपलं कसं हेही सांगते, कारण त्याशिवाय किंमत कळत नाही. टेप तेव्हा तिकडे वापरात नव्हती. सोळा इंची तबकड्या असायच्या, म्हणजे आपल्या पुरणपोळीच्या तव्यापेक्षा मोठ्या, वर लाखेसारखा थर, एका बाजूला साधारण १५ मिनिटं मावायची. युद्धामुळे अॅल्युमिनियम विमानांना लागायचं म्हणून आतली चकती काचेची करायला लागले. चोवीस तास म्हणजे ९६ बाजू. एक जरी हातातून पडली तर अर्धा तास गेला. एवढं करून कोणीतरी तो बँडसुद्धा सांभाळून ठेवला, आणि आज तुम्ही भाजी निवडताना ऐकताय.

मुंबई केंद्राचा असा अख्खा दिवस मी कधी ऐकलेला नाही. पण कागदावर तो उभा करता येतो. ऑल इंडिया रेडिओचं "इंडियन लिसनर" म्हणून पाक्षिक निघायचं, त्यात प्रत्येक केंद्राचे कार्यक्रम तारीख आणि वेळेसकट छापलेले असायचे, कुठल्या मीटरवर, म्हणजे केवढ्या लांबीच्या लहरीवर, लागणार तेही. जुन्या लायब्ररीत मिळतं, नेटवरही बरेच अंक स्कॅन केलेले सापडतात. तुमच्या घरातल्या कुणाची जन्मतारीख घ्या आणि त्या दिवशीचं मुंबईचं पान उघडून बघा, सकाळी कोण गायलं, मराठी किती वाजता, गुजराती किती वाजता, बातम्या कधी. मी एक अख्खा रविवार त्यात घालवलाय.

प्रश्न (विलेपार्ल्याहून एक वाचक): आजोबांच्या १९४३ च्या डायरीत "नवा टाइम" आणि "जुना टाइम" असं दोन्ही लिहिलेलं आहे, बातम्या "नव्या टाइमने" ऐकल्या असं. हे काय आहे?

युद्धात अख्ख्या देशाचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असतो ते साडेसहा तास पुढे गेलो. वरच्या उत्तरातला २ वाजून २ मिनिटांचा हिशोब याच घड्याळाचा आहे, आजच्या घड्याळाने ते १ वाजून २ मिनिटं होतील. अमेरिकेतही तसंच होतं, तिकडे त्याला सरळ वॉर टाइमच म्हणायचे. आणि मुंबईत त्याआधीपासूनच आणखी एक भानगड होती ती बॉम्बे टाइमची, तो एरवी स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे असायचा आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकला. त्यामुळे त्या काळातल्या कुठल्याही डायरीतली वेळ वाचताना आधी विचारायचं, कुठलं घड्याळ? तुमच्या आजोबांनी ते लिहून ठेवलं म्हणजे फार नीटस माणूस, डायरी जपा.

प्रश्न (गिरगावातून एक वाचक): माझी पणजी सांगायची की बेचाळीस साली तिने "हिंदुस्तानातून कुठूनतरी" बोलणारा काँग्रेसचा चोरटा रेडिओ ऐकला होता आणि तो आमच्याच गल्लीतून बोलायचा. घरात सगळे हसायचे. खरं असेल का?

हसू नका, पणजी बरोबर असण्याची शक्यता चांगलीच आहे.

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर "छोडो भारत"चा ठराव झाला, ९ च्या पहाटे गांधीजी आणि सगळे पुढारी उचलले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप. तेव्हा उषा मेहता बावीस वर्षांच्या होत्या, कॉलेजात शिकत होत्या. त्यांनी, विठ्ठलदास म्हणजे बाबूभाई खाकर यांनी, चंद्रकांत झवेरींनी आणि आणखी काही जणांनी मिळून ट्रान्समीटर उभा केला, सामानाला शिकागो रेडिओ या कंपनीवाल्या नानक मोटवानींची मदत, मागे राममनोहर लोहिया. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं. सुरुवातीची घोषणा इंग्रजीत असायची, हा काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्तानातून कुठूनतरी. पणजींचे शब्द बरोब्बर तेच आहेत बघा, हे ऐकल्याशिवाय कोणाच्या तोंडी बसत नाही.

आता गल्लीचं. ट्रान्समीटर एका जागी ठेवला की पोलिसांच्या दिशा शोधणाऱ्या गाड्या फिरून फिरून घर काढायच्या, म्हणून हे लोक सारखी जागा बदलायचे. चौपाटीजवळची सी व्ह्यू बिल्डिंग, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडचं लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेख वाडी, महालक्ष्मीच्या देवळाजवळचा पॅराडाइज बंगला. नकाशावर बोट फिरवा, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात आहे, गिरगाव मधोमध. आणि ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७ मेगाहर्ट्झ, शॉर्टवेव्हवर चाळीस-एक्केचाळीस मीटरच्या आसपासच, ज्यांच्या सेटवर शॉर्टवेव्ह होता त्यांना काटा थोडासा सरकवला की सापडेल असं. जवळच्या घरात तर तो आवाज अगदी कानाजवळ बोलल्यासारखा दणदणीत येणार, आणि पणजीला वाटलं असेल की हे इथूनच कुठूनतरी. तिचा अंदाज पोलिसांच्या आधी बरोबर आला म्हणायचा.

त्या रेडिओवर काय सांगायचे हे आपण मराठी माणसांनी तरी लक्षात ठेवलं पाहिजे. विदर्भात चिमूर आणि आष्टीला ऑगस्टमध्ये जे झालं, लोकांनी पोलिसांना तोंड दिलं आणि नंतर चिमूरमध्ये बायकांवर जे अत्याचार झाले, ते छापायची सोय नव्हती. ते या रेडिओने सांगितलं. जमशेदपूरचा संप सांगितला, चितगाववरचा बॉम्बहल्ला सांगितला. सरकारी केंद्रावरच्या बातम्या तेव्हा दिल्लीतून तयार होऊन यायच्या, लंडनहून बीबीसीनेही १९४२ सालीच मराठीतून बोलायला सुरुवात केली, बर्लिनहून नेताजींचा आवाज त्याच वर्षी फेब्रुवारीत आला होता. म्हणजे गिरगावातल्या एका खोलीत, एका सेटवर, काटा फिरवाल तसं चार वेगवेगळी युद्धं ऐकू येत होती. त्यातलं खरं कुठलं हे ठरवायचं काम घरातल्या माणसांचं. मला तर वाटतं की आपल्या आधीच्या पिढीला बातमी ऐकून लगेच विश्वास न ठेवायची जी सवय होती ती तिथूनच आली.

१२ नोव्हेंबर १९४२ ला त्यांच्यातल्याच एका तंत्रज्ञाने पोलिसांना जागा दाखवली. पोलीस आत आले तेव्हा "वंदे मातरम्" लागलेलं होतं, ते बंद करा म्हणाले, यांनी केलं नाही. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला ठेवलं, १९४६ ला सुटल्या. पुढे मुंबई विद्यापीठात शिकवलं, १९९८ ला पद्मविभूषण मिळालं, २००० साली गेल्या. एकूण प्रसारण तीन महिन्यांचंसुद्धा नाही. पणजींचं तुम्हाला जे काही आठवतंय ते तारीख वार न बघता लिहून काढा, आधी लिहा मग तपासा.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): युद्धात रेडिओवर फर्माईशी बंद होत्या असं ऐकलं. गाण्याने काय होणार?

अमेरिकेत बंद होत्या. जानेवारी १९४२ मध्ये तिकडच्या सेन्सॉर कार्यालयाने रेडिओवाल्यांसाठी नियमावली काढली, त्यात हे होतं. कारण साधं आहे: अमुक गाणं अमुक वाजता लावा अशी चिठ्ठी कोणीही पाठवू शकतो, आणि ते गाणं म्हणजे बाहेर समुद्रात बसलेल्या पाणबुडीला खूण असू शकते की जहाज निघालं. त्याच कारणाने रस्त्यावरच्या माणसासमोर माइक धरून बोलतं करायचं बंद, हरवलेल्या कुत्र्याची जाहिरातसुद्धा नको. आणि हवामान! पाऊस पडतोय हे रेडिओवर सांगायचं नाही, कारण ढग कुठे आहेत हे शत्रूच्या विमानांना फुकट कळतं. बेसबॉलची मॅच पावसामुळे थांबली तरी कॉमेंट्री करणाऱ्याने पाऊस हा शब्द काढायचा नाही. बीबीसीने तर सप्टेंबर १९३९ मध्येच हवामानाचा अंदाज देणं थांबवलं ते युद्ध संपेपर्यंत. मुंबईत बसून याचा विचार करा, जूनमध्ये मान्सून आला की नाही हे न सांगणारा रेडिओ. शेतकऱ्याला, कोळ्याला ज्या बातमीची सगळ्यात जास्त गरज तीच गुपित.

प्रश्न (माझगावहून एक वाचक): १४ एप्रिल १९४४ ला गोदीत स्फोट झाला तेव्हा माझे आजोबा भायखळ्याला होते. ते म्हणायचे की मुंबई जळत होती आणि जगाला ती बातमी जपानी रेडिओने दिली. हे अतिशयोक्त नाही का?

नाही. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज उभं होतं, त्यात दारूगोळा आणि कापूस एकाच वेळी भरलेला, वर सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा, आणखी मोठा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. आगीशी झुंजताना ६६ अग्निशामक जवान गेले, आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. शहरात बहुतेकांना वाटलं की जपान्यांनी बॉम्ब टाकले.

जपान्यांच्या ताब्यात असलेल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, तपशीलवार बातमी दिली. आणि इथून वार्ताहरांना बाहेर बातमी पाठवायची परवानगी मिळाली ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात. चार आठवडे! सैन्याच्या हालचाली लपवल्या तर समजू शकते, ते लपवलंच पाहिजे. पण लाखो लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आग लपवून काय मिळतं? एकच होतं, लोक शत्रूचा रेडिओ लावायला लागतात. तुमच्या आजोबांच्या आवाजात जो राग असेल तो मला पूर्ण पटतो.

प्रश्न (बोरिवलीहून एक विद्यार्थिनी): ब्लॅकआउटमध्ये रेडिओ चालू ठेवता यायचा का? लाइट तर बंद करायचे ना?

बाळा, वीज बंद नसायची, उजेड बाहेर दिसू द्यायचा नसायचा. १९७१ चं मला स्वतःला आठवतंय, मी तेव्हा तेरा वर्षांची होते, आम्ही गिरगावात चाळीत राहायचो, दोन खोल्या आणि समोर गॅलरी. खिडक्यांच्या काचांना ब्राऊन पेपर खळीने चिकटवलेला, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. भोंगा वाजला की खालून आवाज यायचा, दुसऱ्या माळ्यावर कोण आहे, दिवा घालवा.

आमच्याकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, मोठा सेट होता, लाकडी, समोर लांब काचेची पट्टी आणि तिच्यामागे बल्ब, चालू केला की आधी पट्टी उजळायची आणि मग मिनिटभराने आवाज यायचा. ती उजेडाची पट्टी गॅलरीतून दिसते म्हणून बाबांनी पहिल्याच रात्री मागचं झाकण उघडून बल्ब काढून टाकला. झालं, आता अंधारात केंद्र कसं लावणार, काटाच दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मुंबई केंद्र नीट लावलं आणि फिरवायच्या बटणाच्या कडेला दाढीच्या ब्लेडने एक खाच पाडली, दिल्लीच्या बातम्या जिथे चांगल्या लागायच्या तिथे शेजारी दोन खाचा. मग रात्री मी बोटाने चाचपून लावायचे, एक खाच वर आली की मुंबई, दोन आल्या की दिल्ली. तो सेट आता नाही पण बटण माझ्याकडे आहे, हे लिहिताना टेबलावर आहे, खाच अजून नखाला लागते.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले, इंदिराबाई कलकत्त्याला होत्या, त्या दिल्लीला परतून मध्यरात्रीनंतर रेडिओवर बोलल्या. चाळीत ज्यांच्याकडे सेट नव्हता ते सगळे आमच्या खोलीत आणि गॅलरीत, अंधारात, कोण कुठे बसलंय ते दिसत नव्हतं, फक्त श्वास आणि बांगड्या. शेजारच्या काकूंचा मुलगा सैन्यात होता. त्या मधल्या दारात बसायच्या आणि बातम्या संपल्या की काहीही न बोलता उठून जायच्या, रोज. आई त्यांच्यासाठी म्हणून रेडिओचा आवाज एक रेघ मोठा ठेवायची.

खालच्या मजल्यावर ट्रान्झिस्टर होता, त्याला दिवा नाही म्हणून तो सोयीचा, पण सेल संपत आले की आवाज बसायचा, मग दुपारी ते सेल गॅलरीत उन्हात ठेवायचे. थोडा वेळ चालायचेसुद्धा. जनरल माणेकशॉ यांचं पाकिस्तानी सैनिकांना उद्देशून केलेलं आवाहन, शस्त्रं खाली ठेवा, तेही आकाशवाणीवरून वारंवार जायचं. आम्ही पोरं ते पाठ म्हणायचो.

प्रश्न (डोंबिवलीहून एक वाचक): आकाशवाणी सुरू होताना लागायची ती धून कोणाची?

वॉल्टर कॉफमन यांची म्हणतात. कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार, हिटलरच्या भीतीने १९३४ ला मुंबईत आले, १९३७ पासून १९४६ पर्यंत इथल्या केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम बघत होते. शिवरंजनीचे सूर, व्हायोलिन आणि तंबोरा. घर गमावलेल्या माणसाने केलेली धून ऐकत आपली अख्खी पिढी सकाळी उठली.

प्रश्न (अंधेरीहून एक वाचक): आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा सेट माळ्यावर सापडला. प्लग लावून बघू का?

अजिबात नको. आतले कागदी कपॅसिटर इतक्या वर्षांत गळतात, सरळ वीज दिली तर ट्रान्सफॉर्मर जळून सेट कायमचा जाईल. काही सेट एसी/डीसी असायचे, त्यांच्या लोखंडी चौकटीतच करंट येतो, हात लावला तर जिवावर बेतेल. जुने सेट दुरुस्त करणारा माणूस शोधा, तो आधी मोजून कपॅसिटर बदलेल आणि मग सिरीजमध्ये बल्ब लावून हळूहळू वीज देईल. आणि पाठीमागचं झाकण उघडाल तेव्हा आत चिकटवलेला कागद, रेडिओच्या लायसनचं पुस्तक, काही मिळालं तर फेकू नका.

प्रश्न (लालबागहून एक वाचक): वडील गिरणीत होते. त्यांची एक वही सापडली, डिसेंबर १९७१ ची. रोज रेडिओवर काय ऐकलं ते वेळेसकट लिहिलंय, पण बातम्या कमी आणि बाकीचंच जास्त, भजन कुठलं लागलं, बाजारभाव, पाळी सुटल्यावर कामगारांचा कार्यक्रम ऐकला, भोंगा वाजला म्हणून अर्धवट राहिला, असं. बायको म्हणते रद्दीत घालू. याचा कोणाला उपयोग आहे का?

दादा, हात जोडून सांगते, घालू नका. दादरच्या ताईंनी पहिल्या प्रश्नात विचारलंय ना की मुंबईचा अख्खा दिवस मिळेल का, तो तुमच्या घरात आहे. बातम्या सरकारकडे आहेत, वर्तमानपत्रांत आहेत. पाळी सुटल्यावर घरी येऊन एका कामगाराने काय ऐकलं आणि भोंग्यामुळे ते कुठे तुटलं हे दुसऱ्या कोणाकडे नाही.

वहीला प्लास्टिक लावू नका, सुती कापडात गुंडाळा, सेलोटेप तर अजिबात नको. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कोरी पानंसुद्धा, कारण त्या दिवशी का लिहिलं नाही हेही कधीतरी कळेल. समासात काही आकडे, खुणा असतील तर त्याही आल्या पाहिजेत.

आणि एक बघून मला कळवा. १६ डिसेंबरचं पान. ढाक्याला संध्याकाळी ४ वाजून ३१ मिनिटांनी शरणागतीवर सह्या झाल्या आणि तासाभराच्या आत इंदिराबाईंनी लोकसभेत सांगितलं. तुमच्या वडिलांची तेव्हा पाळी कुठली होती, ते घरी होते की मागावर, आणि त्यांनी ते किती वाजता ऐकलं म्हणून लिहिलंय?

आम्ही त्या संध्याकाळी गॅलरीत होतो. काकू मधल्या दारात नव्हत्या, आई त्यांना बोलवायला गेली होती.